हिरवा दिवा

पौड, मंगळवार, ३ जुलै १९८४

आज तो हिरवा दिवा फोडून टाकावासा वाटला. मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डातल्या बबनच्या बोटाला मन शांत ठेवायच्या सरावासाठी मी रोज यंत्राचा चिमटा लावते. छाती धडधडली की दिवा लाल, श्वास संथ केला की हिरवा. आज सराव चालू असतानाच ताम्हिणीहून त्याचा भाऊ आला आणि दारातूनच म्हणाला, "आई गेली रं."

दिवा हिरवाच! डॉक्टर खूश. मलाही क्षणभर बरंच वाटलं... शी!

डॉक्टर गेल्यावर विचारलं, "बबन, रडू येत नाही का रे?"

"लाल झाला तर घरी सोडनार न्हाईत. तुमीच म्हनाला व्हता, बाई."

हो, मीच म्हणाले होते. त्यानं सराव टाळू नये म्हणून, सहज.

मी चिमटा काढला. मोकळ्या बोटाकडे बघत त्यानं विचारलं, "आता रडू?"