साबण निर्दोष आहे

टिळकवाडी, बेळगाव
शुक्रवार

तीर्थस्वरूप ब्राह्मीआक्का, निपाणी, हिला धाकट्या पायगोंडाचा सविनय जय जिनेंद्र.

तुझे गुडघे जिनमंदिराच्या पायऱ्या चढू देत असतील, अशी आशा आहे. मी खुशाल आहे. (हे वाक्य रीतीचे आहे, पुढील मजकुराशी ताडून पाहू नये.)

माझ्या पाठीवर दोन वर्षांपूर्वी लालसर चट्टा उठला, हे तुला ठाऊक आहेच. (सर्वजण त्यास ‘डाग’ म्हणतात. डाग चारित्र्यावर पडतो.) मी तत्काळ तुझ्या भावजयीच्या, अनुराधेच्या, नव्या साबणास दोषी ठरवले. बिचारीने नऊ साबण बदलले, अखेरीस हरभऱ्याचे पीठ आणले. मी प्रत्येकावर ठपका ठेवला. ‘साबनाला कशाला बोल लावतासा? डाक्टरला दावा की!’ असे ती म्हणे, आणि मी तिचा ‘न’ सुधारत असे. सांबऱ्याच्या भावकू वैदूने दिलेला पालाही चोळला. चट्टा जागच्या जागी राहिला, भोवतीची कातडी तेवढी सोलली.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ श्रद्धाकडे गेलो. ही माझीच विद्यार्थिनी. अशुद्ध लेखनापायी मी तिला आठवडाभर वर्गाबाहेर उभे केले होते. आता तिच्या दाराबाहेर मी उभा होतो. तिने कातडीचा तुकडा तपासणीस पाठवला. काल निष्कर्ष आला: त्वचेचा लिम्फोमा. म्हणजे कर्करोगच, आक्का.

तिने समजावले, की शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच कातडीत ठाण मांडून वाढत सुटतात. जनुके म्हणजे पेशीतील लेखी सूचना; कोणती केव्हा वाचायची, कोणती मिटून ठेवायची, याची एक व्यवस्था असते. ती बिघडली, की ‘थांबा’ कोणी वाचत नाही आणि ‘वाढा’ अखंड वाचले जाते. ‘मजकुरातही चुका असतात, सर, पण पुष्कळदा मजकूर बरोबर असून वाचणाराच चुकतो,’ म्हणाली. चाळीस वर्षे मी केवळ मजकूर तपासला! आता पाठ खाजली, की आत कोणी ‘वाढा, वाढा’ वाचत असल्याचा भास होतो, आणि खाजवण्याचेही धैर्य होत नाही.

रोग आरंभीचा आहे, सावकाश चालतो, प्रकाशाच्या उपचाराने बहुधा आटोक्यात राहील, असे ती म्हणते. ‘बहुधा’ या अव्ययाची मला आजवर कधी धास्ती वाटली नव्हती. उपचार मंगळवारी सुरू होतील. घरचे माणूस सोबत आणा, असे तिने बजावले आहे. तू मात्र येण्याची तसदी घेऊ नयेस. मी मुळीच घाबरलेलो नाही.

तुझा आज्ञाधारक,
पायगोंडा

ता. क. सोमवारी सकाळच्या बसला गर्दी नसते. खिडकीची जागा मिळते.

दुसरा ता. क. अनुराधेला अद्याप काहीही सांगितलेले नाही. लहानपणी माझ्या हातून आईची घागर विहिरीत पडली, तेव्हा तूच पुढे जाऊन सांगितलेस आणि मी गंजीमागे दडून राहिलो. याही वेळी तूच सांग. आधी साबण निर्दोष होता, एवढेच सांग. आपण जिंकलो या आनंदात ती असेल, तेवढ्यात उरलेले सांगून टाक. मी परसात उभा असेन. तेव्हा तू ‘ये रं भायेर, कोन मारत न्हाय’ अशी हाक दिली होतीस. तशीच दे. तुझे उच्चार मी सुधारणार नाही.