ल्विव्हचा न फोडलेला लिफाफा

मकार, तुझे गुडघे कसे आहेत? लेस्या वहिनींचा मोतीबिंदू काढला का? तुझी म्हातारी कुत्री आहे ना अजून? तुमची खबर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळते. माझं विचारशील तर जेवतो, झोपतो. हवाई हल्ल्याचा सायरन वाजला तरी चहा ढवळत बसतो. दाताला भूल दिल्यावर आपलाच गाल परका वाटतो, तसं झालंय.

तर मी, पिलिप ग्नातोविच झाहोरुल्को, वय एकोणऐंशी, बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर, राहणार पोल्टावा, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की :

१. राहतं घर मुलगी झोर्याना हिचं. ती पोलंडहून परतो वा न परतो.

२. पुस्तकं आणि पट शाळेच्या बुद्धिबळ मंडळाला. मला कुणी शिकवलं नाही. फाटक्या मासिकातले डाव खेळून शिकलो. म्हणून पुस्तकं कुलपात ठेवू नयेत, फाटू द्यावीत.

३. तळघरातल्या खारवलेल्या काकड्या शेजारीण मोत्र्याला. बरण्या परत मागू नयेत, तिने माझ्या कधी परत केल्या नाहीत. ती साक्षीदार म्हणून इथेच बसलीय. म्हणाली, "काका, मृत्युपत्रात काकड्या लिहितात का?"

"मग काय लिहू, राजवाडा?"

"मोठी बरणीपण माझीच ना? तेवढं स्पष्ट लिहा."

मोठीसुद्धा.

४. लिफाफा. १९८४, ल्विव्ह, शेवटची फेरी, मी विरुद्ध मकार. डाव संध्याकाळी थांबला, उरलेला दुसऱ्या दिवशी खेळायचा होता. रिवाजाप्रमाणे माझी पुढची चाल मी कागदावर लिहून लिफाफ्यात बंद केली आणि पंचांकडे दिली. सकाळी दाढी करताना कळलं, हत्ती चुकीच्या घरात टाकलाय. तुझा घोडा एका उडीत राजा आणि हत्ती दोन्ही धरणार होता. बंद केलेली चाल बदलता येत नाही. मी तसाच नाश्त्याला आलो. तू लापशी चिवडत होतास.

"बरोबरी करायची?" मी विचारलं.

"तू जिंकतोयस, पिलिप. चाल नीट लिहिलीयेस ना?"

"लिहिलीय."

"मग ही भीक झाली."

"घे रे, मित्राकडून घ्यायला काय होतं?"

तू घेतलीस. लिफाफा न फोडताच पंचांनी मला परत दिला. बरोबरीच्या त्या अर्ध्या गुणावर मी ग्रँडमास्टर झालो. डाव जिंकला असतास तर तू झाला असतास. तू क्रेमेन्चुकच्या रेल्वे कारखान्यात गेलास, आणि भीक घेतल्याच्या लाजेने माझ्याशी बोलणं सोडलंस. मी एकोणचाळीस वर्षं तुला लाजू दिलं.

पश्चात्तापाने जळतोय असं लिहिणार होतो. पण आत काहीच हलत नाही, आणि तुझ्याशी एक खोटं पुरे झालं. मी चोरी केली, एवढंच खरं.

बाकी कलमं मी गेल्यावर. हे कलम आजपासून लागू. लिफाफा सोबत धाडला आहे, पंचांची लाखेची मोहोर शाबूत आहे. माझं ग्रँडमास्टरचं प्रमाणपत्रही भिंतीवरून उतरवून त्याच्यासोबत ठेवलंय. ठेव, जाळ, तुझी मर्जी.

पोल्टावा, ९ नोव्हेंबर २०२३
सही : पि. ग्ना. झाहोरुल्को
साक्षीदार : मोत्र्या वेर्बित्स्का, शेजारीण
साक्षीदार : डॉ. तारास ओलिफिरेन्को

मकार, पट मांडून ठेवलाय. लिफाफा फोड, घोड्याची चाल लिहून पाठव. आली की हार मानून मी माझ्या हाताने राजा आडवा करतो. उत्तर लवकर लिही.