सरस कच्चा नव्हता

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गिटारी घडवणे व दुरुस्त करणे, शाळा चौथीपर्यंत आणि पुढचं सगळं लाकडाकडून शिकलेला, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोकं शाबूत आहे, डॉक्टरांनी तपासलं आहे. गुडघे गेलेत, पण त्यांच्याकडून काही लिहून घ्यायचं नाही.

मालमत्तेच्या आधी एक खरं लिहितो. ते माझ्याबरोबर गेलं, तर एक बाई जन्मभर खोट्यावर विश्वास ठेवून राहील.

एकतीस वर्षांपूर्वी सभागृहात गिटार, दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशी मैफल होती. गिटार मी घडवलेली, वाजवणारा माझा धाकटा भाऊ. तालमीहून तो रोज कुरकुरत यायचा.

"दादा, तो चेलो मला गिळतो रे. माझं कोणाला ऐकूच जात नाही."

"गिटार रेड्याशी टक्कर घ्यायला नसते, राजा. त्याला हळू वाजवायला सांग."

माझ्या गिटारीला नायलॉनच्या तारा. त्यांचा ताण कमी, लाकूड त्या हिशेबानेच पातळ केलेलं. मैफलीच्या दुपारी धाकट्याने मला न विचारता पोलादी तारा चढवल्या. आवाज दणदणीत आला खरा. पण ऐन रंगात, तारा धरून ठेवणारी घोडी गिटारीच्या पोटावरच्या लाकडाच्या सालीसकट उखडली, आसुडासारखी फिरली आणि शेजारच्या व्हायोलिनवालीच्या डाव्या डोळ्यात घुसली. ती व्हायोलिनवरच कोसळली. रक्त सुरावटीच्या कागदांवर. चेलोवाला मान खाली घालून पुढच्या चार ओळी वाजवतच होता.

गोंधळात मी गिटार घरी आणली, पोलादी तारा काढून पुरल्या आणि उखडलेल्या घोडीला नायलॉनच्या अडकवून ठेवल्या. ही लबाडी माझी, तिचं खापर दुसऱ्यावर नको. मग त्याच गिटारीच्या दांडीने धाकट्याला हाणलं. त्याचे दोन दात जमिनीवर पडले.

सकाळी व्हायोलिनवालीचा थोरला भाऊ, ट्रकचा मेकॅनिक, कारखान्यात शिरला.

"घोडी चिकटवलेला सरस कच्चा होता ना रे, सुतारड्या?"

धाकटा आतल्या दाराआड उभा होता. त्याचे हात वादकाचे, माझे सुताराचे. मी म्हटलं, "हो. घाई केली मी."

त्याने माझा डावा पंजा लाकूड आवळायच्या लोखंडी शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला. थांबला, माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा फिरवला. तीन बोटं कडाकडा मोडली. दाराआड काही हललं नाही.

व्हायोलिनवाली आजही मला बघून रस्ता बदलते. धाकट्याला मात्र म्हणते, "बिचारा, दादामुळे तुझी मैफल मोडली." तो ऐकून घेतो. मला बोटांपेक्षा हे जास्त दुखतं.

आता वाटणी.

बँकेतली शिल्लक व्हायोलिनवालीला.

रंधे, पटाश्या, साचे शाळेच्या सुतारवर्गाला. रंधा कुशीवर ठेवावा. पात्यावर उभा ठेवणाऱ्याला मी वरून शिव्या घालीन.

शिकंजा मेकॅनिकला. बहिणीसाठी पेटला होता, राग रास्त होता, माणूस चुकीचा धरला. त्याने तो एकट्याने उचलून न्यावा. कंबर धरली तर माझी आठवण समजावी.

घर आणि कारखाना धाकट्याला. आई गेल्यावर त्याला मीच भरवलं, त्याला उघड्यावर टाकणार नाही. मात्र एक गोष्ट. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही, असं वकिलांनी समजावलं आहे. म्हणून दुसऱ्या साक्षीची जागा धाकट्यासाठी मोकळी ठेवतो. त्याने हा कागद पूर्ण वाचावा. यातलं खरं त्याला मान्य असेल, तर सही करावी. मग घर-कारखाना व्हायोलिनवालीचा. नसेल, तर शेजारच्या शिंप्याला साक्षीला बोलवावं आणि घर सुखाने घ्यावं. दोन्हीपैकी काहीही केलं तरी तो माझा धाकटाच.

लिहून देणार: गिटारवाला (सही)

स्थळ: राहता कारखाना. दिनांक ९ फेब्रुवारी, मंगळवार.

साक्षीदार १: डॉक्टर, ज्यांनी बोटं बांधली (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही). दादा, अक्षर वाकडं आलंय, पण माझंच आहे. तिच्याकडे निघालोय. तू मागे येऊ नकोस.