बंगलोरहून येणारं कार्ड

शनिवार, १० मे १९५८

“ए, कॅमेऱ्यासमोरून बाजूला हो!”

या वाक्याला पंधरा वर्षं झाली. मी आठ वर्षांचा होतो. परळला रस्त्यावर शूटिंग चाललं होतं. टोपीवाला कॅमेरामन माझ्याकडे बोट दाखवून हे ओरडला. बाकीची पोरं हसली. मला मात्र तेव्हाच कळलं. एवढ्या गर्दीतून त्याने एकट्या मला हेरलं आणि माझी जागा कॅमेऱ्यासमोर नाही, मागे आहे, हे सांगितलं.

आज तो माणूस भेटला तर पाया पडेन.

ही वही कुणी वाचायची नाही. कव्हरवर ‘गणित’ लिहिलं आहे. आमच्या घरात गणिताची वही कुणी उघडत नाही.

परिस्थिती अशी. दादरच्या सिनेमाक्लासचं पहिलं वर्ष झालं. बंगलोरच्या संस्थेत थेट सेकंड इयरला ट्रान्स्फर मागितली आहे. कॅमेरा विभाग, जागा पाच. निकाल मेअखेरीपर्यंत कार्डाने कळवणार. वडिलांनी, म्हणजे नानांनी, बजावलं आहे की जूनमध्ये हातात काही नसेल तर त्यांच्या मिलमध्ये बदली कामगार म्हणून यायचं, भरती करणाऱ्या जॉबरशी बोलून ठेवलंय. मी नुसता हसलो. नानांना जॉबर माहीत आहे, बंगलोर माहीत नाही.

संकल्प: पोस्टमनची वाट बघायची नाही. मोठी माणसं वाट बघत नाहीत.

मंगळवार, १३ मे. सकाळी ११.१०

पोस्टमन कोंडीराम. संशयास्पद.

तो चाळीचे जिने चढत नाही. चौकात उभा राहून नावं पुकारतो, ज्याचं असेल त्याने उतरायचं. मी सहज, पायऱ्यांवर, साडेनऊपासून उभा होतो. त्याने मला पाहिलं आणि एक कार्ड वरचं काढून गठ्ठ्याच्या तळाशी सारलं. ते कुणाचं, असं मी विचारलं. तर म्हणाला, “भजनी मंडळाचं. तुम्ही मंडळ आहात काय?” वर म्हणतो, “रोज उभे असता. लग्नबिग्न जमतंय वाटतं.”

एवढी चौकशी सरकारी नोकराने का करावी?

शुक्रवार, १६ मे

दौलत संध्याकाळी आला. दौलत माझ्याच क्लासात. पलीकडच्या चाळीत राहतो, त्याची आई रखमाबाई मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला आहे. त्यानेही बंगलोरला अर्ज केला आहे. मीच सांगितलं होतं कर म्हणून. एकट्याने निवडून येण्यात मजा नाही.

आल्या आल्या विचारतो, “आलं का रे तुझं?” परवाही विचारलं. का? मित्र म्हणून, का अंदाज घेतोय?

अर्जासोबत स्वतः काढलेले सहा फोटो मागितले होते. दौलतने कुणाचा तरी बॉक्स कॅमेरा आणून काढले. शिवडीच्या चिखलातले पक्षी, पाळी सुटल्यावर मिलच्या दारातल्या बायका, असलं काहीबाही. मी वेगळा विचार केला. मी सहा फोटोंचं वर्णन पाठवलं. सविस्तर, फुलस्केपवर. फोटो काय, कुणीही बटण दाबतं. कल्पना पाहिजे. दौलत म्हणाला, “जग्या, त्यांनी फोटो मागितलेत रे.” मी त्याला समजावत बसलो नाही.

शिवाय क्लासात वर्षभर आम्ही रिकाम्या कॅमेऱ्यावर शिकलो. फिल्म परवडत नाही म्हणून दळवीसर आत काही घालतच नसत. नुसता फोकस, नुसता हँडल. त्या कॅमेऱ्यावर मी घेतलेले शॉट अप्रतिम होते. पुरावा नाही, एवढंच.

सोमवार, १९ मे

झोप नाही. कारण सापडलं.

अर्जावर पत्ता लिहिताना मी ‘लालबाग, मुंबई, संयुक्त महाराष्ट्र’ असं लिहिलं होतं. नाना बाजूला उभे होते. सत्याग्रहात दोनदा आत जाऊन आलेला माणूस. त्यांचा ऊर भरून आला होता, मग खोडणार कसं? दौलत तेव्हाच म्हणाला होता, “राज्य अजून झालं नाही, तुझा पत्ता झाला.”

आता बंगलोर म्हणजे म्हैसूर राज्य. बेळगाव त्यांच्याकडे, आम्ही मागतोय. तिथल्या क्लार्कने पत्ता वाचला असणार आणि अर्ज बाजूला ठेवला असणार. उघड आहे.

दुपारी एक कार्ड टाकून आलो. इंग्रजीत, मुत्सद्दी भाषेत. बेळगावच्या बाबतीत माझं वैयक्तिक मत खुलं आहे, आणि प्रवेश मिळाल्यास मी त्या विषयावर बोलणार नाही. निपाणीचंही तेच.

परत येताना नाना जिन्यात भेटले. पोस्टात काय टाकलंस, म्हणाले. यांना कुणी सांगितलं?

गुरुवार, २२ मे

आज मन एकदम हलकं. असं हलकं उगाच होत नाही. निवड झाली आहे, फक्त कार्ड वाटेत आहे.

म्हणून दादरला जाऊन क्लासमधून नाव काढलं. बंगलोरला गेल्यावर दाखला लागेलच, धावपळ नको. प्रिन्सिपॉल माधवराव दळवी म्हणाले, कार्ड येऊ द्या, मग दाखला न्या, जागा मोकळी दिसली की दुसरं कुणी बसतं. मी ओळखलं. सगळ्यात चांगला विद्यार्थी जातोय म्हणून अडवतात. जाता जाता दोन शब्द बोललो. म्हटलं, सर, रिकाम्या कॅमेऱ्यावर रिकामीच माणसं तयार होतात. चार मुलांनी ऐकलं. फार चांगलं वाक्य झालं.

सर एवढंच म्हणाले की पहिले तीन आठवडे तुम्ही लेन्सचं झाकण न काढता शूटिंग केलंत, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

द्वेष. दुसरं काय?

सोमवार, २६ मे

काय चाललंय घरात कळत नाही.

सकाळी फणसवाडीला मावसभावाकडे स्वेटर मागायला गेलो होतो. बंगलोरला थंडी असते. स्वेटर मिळाला, जरा घट्ट आहे. तो घालूनच आलो, दाखवायला. दारात पाहतो तर सुंदराआत्या नखशिखांत भिजलेली, लुगड्यातून पाणी गळतंय. आई गेल्यापासून हिनेच मला वाढवलं, पण आज म्हणते, “थंयच थांब. शिवा नको. आंघोळ कर आधी.”

कुणीतरी गेलंय. कोंडीरामने खालून नुसतं आडनाव पुकारलं, आत्याने जाऊन कार्ड घेतलं. कार्डाचा कोपरा कापलेला, आणि वर ‘श्री’ नाही. म्हणजे अशुभाचंच. असलं कार्ड उंबऱ्याच्या आत घ्यायचं नसतं. आत्याने ते तिथेच फाडलं, खाली गटारात टाकलं आणि नळाखाली बसली.

कोण गेलं, असं मी विचारलं. “तां म्हायत नाय.” वाचून का नाही घेतलं? तर उसळली, “कोण मेलो तां वाचूक मी काय शाळेत गेल्लंय?”

संशय: आत्याला माहीत आहे कोण गेलं. गावच्या घराचा प्रश्न असणार.

स्वेटर घालूनच आंघोळ करावी लागली. आवळला आहे, निघत नाही.

मंगळवार, २७ मे

सुतक. कुणाचं ते ठरलं नाही. नानांनी विचार करून तीन दिवस धरलं. जवळचं असेल तर दहा लागतील, पण मिलमध्ये रजा कुणाच्या नावाने मागायची?

संध्याकाळी दोघं बसून गावात सगळ्यात थकलेलं कोण ते आठवत होते. सीतारामकाकांवर एकमत झालं. आत्या रडली. मग नाना रडले. काका त्यांना लहानपणी खांद्यावरून शाळेत न्यायचे, हे मला आज कळलं. नानांनी गावी पत्र टाकलं, काका कसे गेले ते कळवा म्हणून.

माझं कार्ड नाही. ऐन वेळी सुतक यावं यातही मला कुणाचा तरी हात दिसतो. दौलतला तीन दिवस घरी येऊ नको म्हणून सांगितलं. त्याने मान डोलवली. फार पटकन डोलवली.

मंगळवार, ३ जून

गावाहून उत्तर. स्वतः सीतारामकाकांच्या अक्षरात. मी अजून आहे, गाय व्यायली आहे, घरात सगळे खुशाल, तुमची एवढी घाई का.

जेवताना नाना दोनदा हसले.

मग गेलं कोण? कार्ड चुकून आलं असणार, आत्या म्हणते. मे संपला. कोंडीरामची वर तक्रार करावी का, या विचारात आहे.

गुरुवार, ५ जून. दुपार

घडलं तसं लिहितो.

दौलत आला. त्याची निवड झाली. कार्ड घेऊन दारात उभा होता, आणि आत्या किंचाळून मागे सरली. कार्डाचा कोपरा कापलेला! दौलत म्हणाला, “आत्या, घाबरू नका. रजिस्टरात नोंद झाली की तिथल्या ऑफिसात कोपरा कापतात, सगळ्यांचाच. आमच्या आईनेपण बघितल्याबरोबर कपाळाला हात लावला होता.” मग तिने फाडलं कसं नाही, मी विचारलं. “ती म्हणाली, वाच आधी. रडायचं ते वाचून रडू.”

त्याचं कार्ड आलं सव्वीस तारखेलाच. तीन दिवस तो माझ्यासाठी गप्प राहिला, सुतकात पेढे कसे आणायचे म्हणून. त्यानंतर आठवडाभर काय करत होता, ते विचारायला हवं.

म्हणजे माझं कार्ड आलं होतं! मी निवडला गेलो होतो! माझ्या प्रवेशाचं आम्ही तीन दिवस सुतक पाळलं!

आत्याला मी काही बोललो नाही. एवढंच म्हटलं की तू माझं आयुष्य गटारात टाकलंस. नंतर मोठ्या मनाने माफ केलं.

बंगलोरला तार केली: कार्ड अपघाताने नष्ट. प्रवेश स्वीकारला. येतोय.

शुक्रवार, ६ जून

आत्या सकाळपासून खाली गटाराशी बसली होती. हातात काठी. गाळ बाहेर काढायची, बघायची, परत सारायची. बायका विचारत होत्या, काय पडलं गं? कानातलं पडलं, असं सांगत होती.

मी गॅलरीतून पाहिलं. खाली जाणार होतो. पण बॅग भरायची होती.

दुपारी तिने दोन ओले कपटे आणून उंबऱ्यावर ठेवले. उंबऱ्याच्या आत. एक बिडीच्या बंडलाचा निघाला. दुसऱ्यावर अक्षरच नव्हतं.

शुक्रवार, १३ जून

उत्तर आलं. बंद लिफाफा. आत्याने दोन्ही हातांत धरून वर आणला. मला चष्म्याशिवाय टाइप नीट दिसत नाही. चष्मा नाही, पण लागणार आहे असं वाटतं. दौलतला वाचायला लावलं. नाना पहिल्या पाळीहून नुकतेच आले होते, बसले.

दौलत एक एक वाक्य वाचून मराठीत सांगत होता, आणि प्रत्येक वाक्याआधी माझ्याकडे बघत होता. आपली तार मिळाली. आपण कोणता प्रवेश स्वीकारला हे समजत नाही. चोवीस मेच्या कार्डाने आपल्याला नकार कळवला होता. फोटोंऐवजी फोटोंची वर्णनं आली, त्यांचा विचार करता येत नाही. इथे तो थांबला. मी म्हटलं, वाच. शेवटची ओळ: बेळगावविषयीच्या आपल्या मताचा प्रवेशाशी संबंध नाही, तरी ते फायलीला जोडलं आहे.

मग आत्या हळूच म्हणाली, “म्हणजे कार्ड वायटच होतां. सुतक फुकट नाय गेला.” तिच्या आवाजात सुटका होती. आठ दिवस ती नीट जेवली नव्हती.

नाना उठले, शर्ट खुंटीला अडकवला. पाठ करूनच म्हणाले, “घेतलं नाही ते नाही. ते होतं माणसाचं. पण बेळगाव तू कुणाला विचारून दिलंस?”

मी दौलतच्या हातातलं पत्र घेऊन घडी घातली.

कट असावा असं अजून वाटतं. कुणाचा, ते सापडत नाही. दौलतवर संशय घ्यायचा प्रयत्न केला. तो जाताना म्हणाला, “सरांकडे जा रे. मी बोलू का त्यांच्याशी?” नको म्हटलं. तो बोलला तर काम होईल, आणि मग ते त्याच्यामुळे झालं असं होईल.

सोमवार, १६ जून. सकाळी ६

नाना भोंग्याआधी उठवून म्हणाले, एकदा दादरला जाऊन ये. ‘नाही’ ऐकून आलास की मग माझ्याबरोबर चल. जॉबरला गुरुवारपर्यंत थांबवतो.

एवढे दिवस मला वाटत होतं, नाना त्या जॉबरच्याच बाजूचे आहेत.

सरांना द्यायचं पत्र काल चारदा लिहिलं. पहिल्या तिन्हींत बंगलोरच्या कारभाराबद्दल दोन परिच्छेद होते. ते काढले. उरलं ते असं:

आदरणीय दळवीसर,

माझं ट्रान्स्फरचं काम झालं नाही. मी दाखला घाईने नेला. चार मुलांसमोर बोललो ते चुकलं. चार मुलांसमोरच मागे घेईन.

माझी जागा भरली असं कळलं. तुम्ही तसं सांगितलं होतं. दौलत बुधवारी जातो आहे, दोन्ही वर्षांच्या मिळून जागा ठरलेल्या असल्याने त्याची एक मोकळी होईल. तिच्यासाठी तीन जण थांबले आहेत, हेही दौलतकडून कळलं. त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. माझ्याकडे दाखवायला एकही नाही. तुम्ही नाही म्हणाल हे धरूनच येतो आहे. तरी ती जागा मला द्यावी. सेकंड इयरला नको, पहिल्या वर्षालाच परत बसवा.