उजव्या हाताचा इशारा

परळ,
भाद्रपद शुद्ध षष्ठी

प्रिय हेरंबराव,

सप्रेम नमस्कार. आपल्या गुडघ्यास उतार पडला असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती, संताप वगळता, ठीक आहे.

आपली शांताताई गेल्यास पाच महिने झाले. तिची गाडी तेव्हापासून इमारतीखाली उभी होती. आमचे चिरंजीव धनेश यांनी आता फर्मान काढले आहे, की दर्शना बुधवारच्या वाहनपरवान्याच्या परीक्षेत उत्तीर्ण न झाल्यास गाडी विकावयाची. (मला विचारले नाही. मी केवळ शांताचा नवरा.) म्हणून नातीच्या शिकवणीचा भार मी स्वीकारला. ती अठरा वर्षांची आहे. अर्थात तिला सर्व काही येते.

काल लालबागेत उजवीकडे वळावयाचे होते. नियमपुस्तिकेबरहुकूम मी तिला हात बाहेर काढून इशारा करण्यास सांगितले. "आजोबा, इंडिकेटर असतो हो! हात कोण काढतं आता?" असा उद्धटपणा करून अखेर तिने हात काढला, आणि त्याच क्षणी मंडपाबाहेरील एका गृहस्थाने त्या हातावर गरम शिरा ठेवला! "काका, मी टर्न घेतेय!" ती ओरडली. "घे गो बाय. टर्न पण घे, प्रसाद पण घे!" आता प्रसाद टाकता येत नाही, डाव्या हातात घेता येत नाही, आणि तुपाच्या हाताने स्टिअरिंग धरता येत नाही. अशा वेळी शिक्षकाने "ब्रेक" म्हणावयास हवे. माझ्या तोंडून निघाले, "डावा हात खाली धर." एरवी माझे एक अक्षर न ऐकणाऱ्या मुलीने तत्काळ दोन्ही हातांची ओंजळ केली. गाडी सावकाश जाऊन कमानीच्या बांबूस टेकली आणि कुण्या शुभेच्छुकाचे हसरे छायाचित्र आमच्या काचेवर आडवे झाले. कार्यकर्त्यांनी तिला पाणी दिले, मला मात्र विचारले, "काका, तुम्ही शिकवताय हिला?" तो स्वर मी विसरणार नाही. संपूर्ण नियमपुस्तिकेत प्रसादाविषयी एक ओळ नाही, हेरंबराव! परिवहन कार्यालयास मी तसे लेखी कळवीत आहे.

आपला,
दौलत पेडणेकर

ता. क. शिकाऊ चालकाशेजारी परवानाधारक व्यक्ती असणे कायद्याने बंधनकारक आहे. माझ्याकडे परवाना कधीच नव्हता. दर्शनाने विचारले नाही, मीही विषय काढला नाही. तरी रविवारी आपण माटुंग्याहून येऊन पुढे बसावे. मी मागे बसेन.

आणखी एक. टॅक्सी आडवी आली की ती "मेल्या!" म्हणते, थेट शांताच्या आवाजात. परीक्षकांसमोर तसे म्हणू नये, हे तिला आपणच सांगावे. मला ते सांगवत नाही.