शिलेदाराचं घड्याळ

बाबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हा तरी कुठे लिहिली होती म्हणा. आज इस्पितळाच्या पार्किंगमध्ये गाडीचा एसी चालू ठेवून बसले आहे आणि परवा झालेल्या जेवणाच्या टेबलांचा नकाशा उलटा करून त्याच्या पाठीवर लिहिते आहे. भेटायची वेळ चारची. आता अडीच वाजलेत. मांडीवर एका माणसाचं घड्याळ आहे. ते पाहून तुमची इतकी आठवण येते आहे की माझा मलाच राग येतो.

मी हल्ली इथे दुबईतच एका इव्हेंट कंपनीत आहे. लोकांची लग्नं, कंपन्यांची वार्षिक जेवणं, असली कामं. परवाच्या गिऱ्हाइकाला युरोपातल्या मध्ययुगीन नाइट्सचा, म्हणजे चिलखती सरदारांचा, थाट हवा होता. लॉनवर शामियाना, लांब लाकडी टेबलं, झेंडे आणि प्रवेशापासून मंचापर्यंत पूर्ण चिलखत घातलेले सहा नाइट. हातात भाला आणि ढाल घेऊन त्यांनी पुतळ्यासारखं नुसतं उभं राहायचं. ती चिलखतं आम्ही अल क्वोजमध्ये करून घेतली. तुमच्या जुन्या वर्कशॉपपासून दोन गल्ल्यांवर. तुम्ही ज्याचे एसीचे डक्ट, ते हवा खेळवायचे चौकोनी बोगदे, बनवायचात, तोच जस्त चढवलेला जीआय पत्रा. मी माप बघायला गेले, तर कापलेल्या पत्र्याचा तो वास आला. तुमच्या शर्टाला यायचा तो. मी माप सोडून पत्र्याचा एक तुकडाच हातात घेऊन हुंगत राहिले. कारागिराला वाटलं, मॅडमना काम पसंत नाही.

करामाच्या त्या एका खोलीत तुम्ही माझा टोप बनवत बसला होतात, ती शुक्रवारची, सुट्टीची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. मी दहा वर्षांची. शाळेच्या अॅन्युअल डेच्या नाटकात मला नाइट केलं आहे, वर्गात मीच उंच म्हणून. तुम्ही वर्कशॉपमधले तुकडे आणलेत आणि ओट्याशेजारी फतकल मारून कातर चालवताय. आई ओरडते आहे, ‘पत्रा बाहेर कापा, माझ्या कणकेत कचरा पडतोय!’ तुम्ही जागचे हलत नाही.

‘हे नाइट करतात तरी काय गं?’ तुम्ही विचारलंत.

मी वहीतून वाचून दाखवलं. दिलेला शब्द पाळायचा. दुबळ्याच्या बाजूने उभं राहायचं. पडलेल्यावर वार करायचा नाही. आपल्या माणसाला सोडून पळायचं नाही.

‘म्हणजे आपले शिलेदार की.’

‘अँड बाबा, नाइट होण्याच्या आधी तो होल रात्र एकटा उभा राहतो. शस्त्रांपाशी. झोपायचं नाही, बसायचं नाही.’

‘त्यात काय मोठंसं? आमचा वॉचमन रोज उभा असतो.’

मी विचारलं, तुम्ही पण शिलेदार का? तुम्ही हसलात. ‘छे गं. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो. मी बारगीर. घोडा कंपनीचा, खोगीर कंपनीचं.’ खाली कंपनीची व्हॅन उभी होती, तिच्याकडे तुम्ही मान वळवून दाखवलंत. मग टोपाच्या तोंडावरच्या झडपेला तुम्ही बाहेरून एक छोटा चामडी पट्टा लावलात. मला तो आवडला नाही. चित्रातल्या नाइटला नव्हता. तुम्ही म्हणालात, ‘असू दे. आतल्याचा जीव घाबरला तर त्याचा हात चालत नाही. बाहेरून कुणालाही एका बोटाने उघडता आलं पाहिजे.’

तुमच्या कामातला एक नियम मला पुढे आईकडून कळला. मोठ्या डक्टच्या आत माणूस शिरला की दाराशी दुसरा माणूस उभा. आत जाणारा आपलं घड्याळ काढून दाराशी उभ्या असलेल्याला देणार. तो बाहेर येऊन घड्याळ परत घेईपर्यंत दारावरचा हलणार नाही. फोरमनने बोलावलं, मालकाने बोलावलं, तरी नाही. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. तुम्हीच आपसात पाळायचात.

अॅन्युअल डेला तुम्ही आला नाहीत. पुढच्या रांगेत आईशेजारची खुर्ची रिकामी. तुम्ही घरी आलात तेव्हा आमची जेवणं आटपली होती. डोळे लाल, सगळ्या अंगाला पत्र्याची काजळी, आणि मनगटावर दोन घड्याळं. तुमचा माणूस आत चक्कर येऊन अडकला होता. पत्रा कापून त्याला काढेपर्यंत तुम्ही बाहेरून त्याच्याशी बोलत उभे होतात. दुसऱ्याने तुमची जागा घेतली असती, पण तुम्ही दिली नाहीत. हे सगळं आई सांगत होती आणि मी ऐकून घेत नव्हते. ‘टू वॉचेस, अँड स्टिल लेट!’ मी म्हणाले. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘त्याचं घड्याळ माझ्याकडे होतं गं.’

मग मी तुम्हाला आणखी एक वाक्य ऐकवलं: तुमचा टोप मी घातलाच नाही, सगळे हसले असते. तुम्ही टोप हातात घेऊन पट्टा एकदा ओढून पाहिलात आणि कपाटावर ठेवून दिलात. दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॅन आली आणि तुम्ही कामावर गेलात.

आता परवाचं सांगते. तालमीत आमच्या टोपांच्या झडपा सारख्या खाली-वर व्हायला लागल्या. गिऱ्हाईक म्हणालं, फोटो खराब होतील. मी कारागिराला म्हणाले, ‘दोन्ही बाजूंनी स्क्रू मारून टाक. यल्ला, खलास.’ बाबा, तुमची मुलगी हे म्हणाली. पट्ट्याची आठवणसुद्धा झाली नाही मला. प्रत्येक नाइटमागे एक मदतनीस असं ठरलं होतं, पण ऐन वेळी एक मदतनीस आलाच नाही. मंचाजवळच्या नाइटपाशी मी स्वतः उभी राहते म्हटलं. हा माणूस माणगावकडचा. दिवसा एका इमारतीत सिक्युरिटी गार्ड. मी मराठी बोलते म्हणून खूश झाला होता. लोखंडी पंजा चढवण्याआधी त्याने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. ‘ताई, जरा ठेवा तुमच्याकडे. आणि कुठं जाऊ नका हां, यातनं मला बाजूचं काय दिसत नाय.’

मी म्हटलं, ‘इथेच आहे मी. जीव घाबरला तर ढाल दोनदा आपट.’

मे महिना. शामियान्यातले कूलर गरम हवाच फिरवत होते. अर्ध्या तासाने गिऱ्हाइकाने मला केक बघायला बोलावलं. मग एक फोटो. मग आणखी एक फोटो. वीस मिनिटं तरी गेली असतील. मी त्याला सांगूनही गेले नाही. सांगितलं असतं तर तो घाबरला असता, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे मला त्या फोटोत यायचं होतं.

त्याने ढाल आपटली होती. दोनदा, आणि परत दोनदा. आमच्या एका फिलिपिनो वेट्रेसने ऐकलं. पाहुण्यांना वाटलं हा खेळाचाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने त्याच्या शेजारी उभं राहून सेल्फी काढला. तो खांबाला टेकून, भाल्याच्या आधाराने, उभ्याउभ्याच बेशुद्ध झाला होता आणि लोक म्हणत होते, काय सुरेख उभा आहे. शेवटी त्या वेट्रेसने बटर नाइफने स्क्रू फिरवून झडप काढली. मी पोचले तेव्हा तिच्या बोटांतून रक्त येत होतं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

तो वाचला. उष्माघात, किडनीवर ताण, अजून चार-पाच दिवस ठेवणार आहेत. काल मी घड्याळ द्यायला गेले. पडल्या पडल्या त्याने माझ्यापुढे हात जोडले. ‘ताई, मला काय आठवत नाय. पण तुम्ही शेजारी होतात म्हणून वाचलो. होतात ना?’

मी म्हटलं, ‘हो.’

घड्याळ द्यायचं राहूनच गेलं. तशीच उठून आले.

आता ऑफिसने एक निवेदन लिहून पाठवलं आहे, उद्या सकाळी सही हवी. सुपरवायझर, म्हणजे मी, पूर्ण वेळ शेजारी होती, नाइटने ठरलेली खूण केली नाही. म्हणजे चूक त्याची. माझ्या त्या ‘हो’खाली सही झाली की त्याचं नाव खराब होणार. एजन्सी त्याला पुन्हा काम देणार नाही, कदाचित परतच पाठवेल. आणि तो मला दुवा देत घरी जाईल. आमचे साहेब म्हणतात, ‘तू क्यूं टेन्शन लेती है? आदमी ठीक है ना?’ पडलेल्यावर वार करायचा नाही, हे मी शाळेत तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. शाबासकीही मिळाली होती.

आज त्याला खरं सांगायला आले आहे. दीड तास आधी येऊन बसले, कारण चारची वेळ धरून निघायचं ठरवलं असतं तर आलेच नसते. पण मी सांगेनच असं तुम्हाला छातीठोकपणे लिहू शकत नाही, बाबा. तो पुन्हा हात जोडील आणि माझ्या तोंडून पुन्हा ‘हो’ निघेल, याची मला भीती वाटते. खोटं माझ्या तोंडातून किती सहज निघतं, हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे.

कारण टोप मी घातला होता. नाटकाच्या मध्येच आत घामाने श्वास कोंडला, हात वर जाईना, मी रडायला लागले आणि प्रेक्षकांना ते कळलंही नाही. माझ्यामागे एक मुलगी झाड होऊन उभी होती. तिने एक फांदी पुढे केली, तुमचा पट्टा एका बोटाने ओढला आणि झडप उघडली. कुणीही हसलं नाही. आईने हे सगळं पाहिलं होतं; माझं खोटं तिने तुमच्यापाशी कधी खोडलं का, ते मी विचारलं नाही. मी बाहेर पाहिलं तेव्हा आईशेजारची खुर्ची रिकामी होती, आणि तेवढ्यासाठी मी तुम्हाला हे कधीच सांगितलं नाही.