डेव्हनींचं शेत

मी, डिलिया स्काहिल, वय एकोणऐंशी, अविवाहित, राहणार लिसनाकोरा, जिल्हा मेयो, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी चुलीत घातले आहे.

घर, गोठा, सात गाई आणि घरामागची जमीन पुतण्या फेस्टस याला. फावडी, कुदळीही त्यालाच. निदान आता तरी हातात धराव्यात.

ओढ्याकडचे शेत त्याला नाही. कारण लिहिते, म्हणजे मागाहून बोंब नको. १८८७ साली खंड थकला म्हणून जमीनदाराने डेव्हनी कुटुंबाला पोराबाळांसकट त्या शेतातून हुसकले. असे शेत दुसऱ्या कुणी घ्यायचे नाही, हा गावाचा कायदा. माझ्या आजोबांनी घेतले. गावाने आम्हाला वाळीत टाकले. डेव्हनी बांधापलीकडे झोपडी घालून राहिले, मधली वाट त्यांनी दगडांनी बुजवली आणि आमच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावला नाही. १९०९ साली सरकारने जमीनदाराच्या जमिनी घेऊन कसणाऱ्यांच्या नावे केल्या, तेव्हा कागद आमचा झाला. तरी आजही सगळे, अगदी फेस्टससुद्धा, त्याला ‘डेव्हनींचं शेत’च म्हणतात. मला त्याची जन्मभर लाज वाटली. ती माझ्याबरोबरच पुरली जाईल, या भीतीने मागच्या महिन्यात मी त्या घरातली थोरली नात अट्रॅक्टा हिच्या दारात गेले. तिने बसही म्हटले नाही.

“माझ्यामागे ते शेत तुला लिहून ठेवतेय,” मी म्हणाले.

“अगं बाई! म्हणजे मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू? तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे मी. परत द्यायचंय ना, मग जिवंतपणी दे!”

झोंबले, पण खरे होते. गेल्या शुक्रवारी शेत तिच्या नावे करून दिले. वाटेतले दगड फेस्टसने काढले, तोंड वाकडे करून का होईना.

म्हणून ते शेत या मृत्युपत्रात नाही. ज्याला यातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. अट्रॅक्टाला आता यातून काहीच मिळत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांनी एक डेव्हनी आमच्या उंबऱ्याच्या आत आली आहे आणि माझ्यासमोर बसून चष्मा पुसते आहे. मला फार बरे वाटते आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, लिसनाकोरा
दिनांक: १९ मे १९७१

सही: डिलिया स्काहिल

साक्षीदार:
१. मलाकी टूल, पोस्टमन
२. अट्रॅक्टा डेव्हनी, ओढ्याकडच्या शेताची मालकीण. चहा फिका होता. उद्या पुन्हा येईन.